बिस्मार्क पाम: रोप लहान घ्या, जागा एकदाच ठरवा

जून तोंडावर आला की आमच्या सोलापूरकडच्या मोहोळ गावाजवळच्या नर्सरीत कुणीतरी मोबाइल पुढे करतं. फोटो हायवेवरच्या एखाद्या हॉटेलचा असतो आणि दारात उभा असतो चंदेरी पानांचा ताड. "ताई, हेच पाहिजे, आणि एवढंच पाहिजे. दिवाळीला वास्तुशांत आहे." मी त्यांना रोपांकडे न नेता आधी आमच्या फाटकाजवळच्या झाडाखाली नेते. २००७ च्या पावसाळ्यात ते लावलं तेव्हा त्याला चार पानं होती आणि ते माझ्या गुडघ्याला लागत होतं. यंदा मे महिन्यात मुलाने शिडी लावून टेपने मापलं. खोड साडेअकरा फूट, बुंध्याचा घेर साडेचार फूट, एका पानाचा देठ सहा फूट आणि त्यावरचा पंखा आडवा सव्वासात फूट. सगळ्या पानांचा पसारा धरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस फूट भरतं. लोक वर बघतात, हातातल्या फोटोकडे बघतात आणि मग विचारतात, "जागा किती लागंल?" तिथून पुढचं बोलणं सरळ होतं.

फाटकाजवळचं हे माझं दुसरं झाड. पहिलं २००३ साली विहिरीच्या अंगाला लावलं होतं. अडीच वर्षांनी तिथे पंपाची खोली बांधायचं ठरलं, तेव्हा मी दोन फुटांची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, काढून ते पंधरा पावलांवर नेलं. ऑगस्टचे दिवस होते, झड लागली होती, हुंडी जराही फुटली नव्हती. तीन आठवडे झाड जसंच्या तसं दिसलं. मग एका सकाळी मधल्या कोंबाला हात लावला, तर तो सुरळीसकट वर आला. बुडाशी कुजून गेला होता. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, तिथेच बांधावर उभे होते. म्हणाले, "शिंदीचं बी वढ्याकाठी जितं पडतं तितंच ऱ्हातंय. कुणी उपटून लावलेली शिंदी बघितलीस का तू?" नर्सरी माझी होती आणि झाडाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. या पामबद्दल मी आज जे काही सांगते, त्याच्या मुळाशी ती सकाळ आहे.

झाड कुठलं आणि त्याला कसली सवय

नर्सरीत याला बिस्मार्क पाम किंवा बिस्मार्किया म्हणतात. शास्त्रीय नाव बिस्मार्किया नोबिलिस. १८८१ साली जर्मन वनस्पतितज्ज्ञांनी याचं वर्णन केलं आणि जर्मन साम्राज्याचे पहिले चान्सलर ओटो फॉन बिस्मार्क यांचं नाव त्याला दिलं. बिस्मार्किया या वंशात ही एवढी एकच जात आहे. मूळ गाव मादागास्कर, त्यातही बेटाचा उत्तर आणि पश्चिम भाग. तिथले लोक याला सात्रा किंवा सात्राना म्हणतात, पानांनी घरं शाकारतात आणि खोडाच्या फळ्या काढून भिंतींना, जमिनीला वापरतात.

मला यातली सर्वात कामाची वाटते ती त्या भागाची हवा. मादागास्करच्या पश्चिम अंगाला पाऊस एकाच हंगामात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उरलेले सात महिने कोरडे. हे झाड उघड्या गवताळ माळावर वाढतं, तिथे गवताला वणवे लागतात आणि त्यातूनही ते तगतं. महिने बदलले, पण घडी आपलीच आहे: चार-पाच महिने पाऊस आणि मग लांबलचक कोरड. सोलापूरकडे पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. बाहेरून आणलेली पुष्कळ शोभेची झाडं इथे मे महिन्यात कानकोंडी होतात. हे होत नाही, कारण ते अशाच उन्हातून आलंय.

नात्याने हा आपल्या ताडाचा, ताडगोळेवाल्या ताडाचा, भाऊबंद. दीवच्या किनाऱ्यावर फांद्या फुटलेला ताड दिसतो, त्याला तिकडे होका म्हणतात, तो तर याला आणखी जवळचा. ताडासारखीच यातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. आमचं नर निघालं. तांबूस-तपकिरी तुरे येतात, फळ कधी धरत नाही. रोप लहान असताना नर-मादी ओळखायची सोय नाही, त्यामुळे "फळवालंच द्या" म्हणणाऱ्याला मी खोटा शब्द देत नाही.

पानावर जी चांदी दिसते ती मेणाची पूड आहे. बोटाने पुसली की खालचा हिरवा रंग दिसतो आणि बोट पांढरं होतं. हे मेण ऊन परतवतं आणि पानातलं पाणी उडू देत नाही. म्हणजे ते झाडाचं अंगरखं आहे, आणि ते आपण सांभाळायचं. एका बंगल्यात सणाच्या साफसफाईत माळ्याने सगळी पानं साबणाच्या पाण्याने पुसून लख्ख केली होती. मालकीणबाईंनी मला रोग पडला म्हणून बोलावलं. रोग नव्हता, पण पुसलेल्या पानांवर ती चांदी पुन्हा आली नाही, नवी पानं फुटेपर्यंत दोन वर्षं झाड डागाळलेलं दिसलं. तेव्हा पानाला फडकं नाही, चकाकीचा स्प्रे नाही आणि तेलकट औषध तर मुळीच नाही. धूळ बसली असेल तर साध्या पाण्याचा हलका फवारा पुरतो, आणि नाहीतर पहिला पाऊस ते काम करतोच.

याचा हिरवा प्रकारही असतो. बियांच्या एकाच गादीवाफ्यात काही रोपं हिरवी निघतात. हिरवं थंडीला जास्त हळवं. आमच्याकडे तो प्रश्न नाही, पण निफाडसारख्या ठिकाणी, जिथे थंडीत पारा फार खाली जातो, तिथल्या माणसाने चंदेरीच घ्यावं.

दुष्काळ सोसणं मुळांत असतं

आता मामांनी जे एका वाक्यात सांगितलं त्याचं कारण. या पामचं बी रुजतं तेव्हा कोंब आधी वर येत नाही. बियातून एक जाड दोरीसारखा भाग सरळ खाली जमिनीत शिरतो आणि खोलवर गेल्यावर त्याच्या टोकातून रोप तयार होतं. ताडाची बाठ रुजताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच समजेल. वाढीचा जीव असा जमिनीखाली लपतो, म्हणून वरून वणवा गेला तरी रोप पुन्हा पान काढतं. पुढची कितीतरी वर्षं झाडाला खोड दिसतच नाही. पानं मोठी होत जातात, बूड रुंद होत जातं, पण सगळी उलाढाल खाली चाललेली असते.

आंबा-लिंबाचं मूळ तुटलं तर तुटल्या जागी फाटे फुटतात. पामचं तसं नाही. पामची मुळं खोडाच्या बुडातून एकेक स्वतंत्र निघतात, आणि बिस्मार्कचं तुटलेलं मूळ बहुतेक मरतंच. नवी मुळं बुडातून यावी लागतात आणि बूड पुरतं भरलं नसेल, म्हणजे जमिनीवर खोड दिसायला लागलं नसेल, तर ती ताकद त्याच्यात आलेली नसते. माझं पहिलं झाड याच वयाचं होतं. खोड नव्हतं, पानं भरपूर होती. बघणाऱ्याला तगडं वाटणारं आणि हलवायला सर्वात वाईट असं ते वय.

म्हणून पाण्याचा ताण सोसणारं झाड हवं असेल, तर ते लहानपणीच त्याच्या कायमच्या जागी गेलं पाहिजे. मोठं झाड आणून लावलं की त्याची मुळं कापली गेलेली असतात. पुढची दोन-तीन वर्षं त्याला तुम्ही जेवढं पाणी घालाल तेवढं थोडंच. एवढा खर्च करून आणलेलं दुष्काळी झाड टँकरवर जगवणारे लोक मी पाहिलेत.

जागा

दोन्ही हात पसरून उभे राहा आणि तुमच्यासारखी चार माणसं हाताला हात लावून एका ओळीत उभी आहेत असं समजा. पसारा तेवढा होणार. भिंतीपासून, कुंपणापासून, पार्किंगपासून बारा फूट तरी सोडा. शेजारचं दुसरं बिस्मार्क वीस ते पंचवीस फुटांवर. डोक्यावर विजेच्या तारा नकोत. रानात हे झाड सत्तर-ऐंशी फुटांपर्यंत जातं, बागेत पस्तीस-चाळीस फूट धरून चाला. दिवसभराचं ऊन लागतं. सावलीत ते जगतं, पण देठ लांबत जातात, पानं हिरवट पडतात आणि ज्यासाठी आणलं ती चांदीच येत नाही.

फ्लॅटच्या बाल्कनीसाठी हे झाड मी विकत नाही. गच्चीवरच्या मोठ्या ड्रममध्ये चार-पाच वर्षं छान दिसतं. मग मुळांना खाली जायला वाट उरत नाही आणि तिथून काढून जमिनीत लावायचं म्हटलं, तर माझ्या विहिरीकाठच्या झाडाचीच गत.

फाटकाजवळचं झाड लावताना मीही अंतर चुकवलं. खांबापासून पाच फुटांवर लावलं. २०१५ च्या सुमाराला पानं फाटकावर यायला लागली, ट्रॅक्टरच्या टपाला देठ घासायचे. घरात सगळे म्हणाले, काढून पलीकडे लावू. मी नाही म्हटलं. आम्ही गवंडी बोलावला, फाटक आणि दोन्ही खांब अठरा फूट पूर्वेला सरकवले, रस्त्याला मुरूम टाकला. त्यात त्या वर्षीच्या डाळिंबाचे बरेच पैसे गेले. आजही मला ते योग्यच वाटतं.

रोप कसं निवडायचं

चार ते सहा पानांचं, खोल पिशवीतलं रोप घ्या. पसरट पिशवीपेक्षा उंच पिशवी चांगली. मधला कोंब हाताने हलकेच धरून पाहा, तो घट्ट हवा. कोंबाचा वास आंबूस येत असेल तर रोप ठेवून द्या. रोपाच्या देठावर जांभळट-तांबूस झाक असते, तिला घाबरू नका, लहानपणी ती असतेच.

आता एक गोष्ट नर्सरीवाली म्हणून सांगते, कारण गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. रोप वर्षभर एकाच जागी ठेवलं की मुळं पिशवीच्या भोकांतून खालच्या जमिनीत उतरतात. विकताना पिशवी ओढून उचलली की ती मुळं तुटतात. वरून रोप ताजं दिसतं आणि महिन्याभराने तुमच्या दारात मरतं. रोप उचलताना खालून कट्ट असा आवाज आला किंवा पिशवीच्या बुडाशी तुटलेली जाड मुळं दिसली, तर ते रोप नाकारा. आम्ही आता पामच्या पिशव्या जाड प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवतो आणि दर दोन महिन्यांनी जागा बदलतो.

मोठंच झाड घ्यायचं असेल तर दोन गोष्टी विचारा. जमिनीवर खोड निदान दोन फूट दिसतंय का? आणि उचलायच्या आधी दीड-दोन महिने भोवतीने अर्धा अर्धा चर मारून मुळं टप्प्याटप्प्याने कापली होती का? एका दिवसात खणून क्रेनने उचललेलं झाड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

लावणी

वेळ जूनमधले पहिले दोन मोठे पाऊस झाल्यावर. जमीन ओली आणि उबदार असते, पुढे तीन महिने हवेत दमटपणा असतो. थंडीत लावलेलं रोप फेब्रुवारीपर्यंत नुसतं बसून राहतं.

खड्डा अडीच फूट रुंद, दोन फूट खोल. खोदून झाल्यावर संध्याकाळी तो काठोकाठ पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी जिरलं असेल तर जागा पास. पाणी तसंच असेल तर त्या खड्ड्यात रोप घालू नका. आमच्या भागातल्या काळ्या जमिनीत हे हमखास होतं. खड्ड्यात भुसभुशीत माती भरली की चारी बाजूंच्या काळ्या मातीमुळे तो हौद बनतो, पावसाळ्यात बूड पाण्यात राहतं आणि कोंब कुजतो. हे झाड कोरडेपणाने मेलेलं मी फार क्वचित पाहिलं. साचलेल्या पाण्याने मेलेली मोजायला बसले तर हाताची बोटं पुरणार नाहीत. काळ्या जमिनीत मी खड्डा करतच नाही. सहा-सात फूट रुंद, दीड फूट उंच असा मुरूम आणि मातीचा उंचवटा करते आणि त्यावर लावते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तेव्हाही लहान मुळं या उंचवट्यात सुरक्षित राहतात.

मुरमाड माळ असेल तर तो याला मानवतो. फक्त खड्ड्याच्या तळाला पहारीने आठ-दहा ठिकाणी खोल भोकं पाडा, मुळांना खाली जायची वाट होते. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या उतारावर लावा, सखल परसात नको.

भरायला खड्ड्यातलीच माती दोन घमेली, चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू एक घमेलं, जुनं कुजलेलं शेणखत अर्धं घमेलं, या प्रमाणात. खत जास्त घातलं की ते पुढे कुजून बसतं आणि रोप खाली जातं. पिशवी दोन्ही बाजूंनी ब्लेडने चिरून, हुंडी तळहातावर धरून खाली ठेवा. देठाला धरून रोप कधीही उचलू नका. पिशवीत माती जिथपर्यंत होती, जमीन तिथपर्यंतच. बूड खोल पुरलं तर कुजतं, उघडं राहिलं तर नवी मुळं हवेत सुकतात.

पाणी: शिकवायचं आणि मग सोडून द्यायचं

"दुष्काळी झाड आहे ना, मग पाणी कशाला?" असं म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात रोप घालवणारे पुष्कळ असतात. रोपाची मुळं जोवर दीड फुटात आहेत, तोवर त्याला दुष्काळ सोसायचं बळ नाही. ते बळ आपण तीन वर्षांत तयार करायचं. माझा हिशोब मुरमाड जमिनीचा असा आहे.

पहिल्या वर्षी पाऊस थांबला की आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा लिटर. मार्च ते मे आठवड्यातून तीनदा. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा तीस लिटर. तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी साठ-सत्तर लिटर. चौथ्या वर्षापासून फक्त फेब्रुवारी ते मे, महिन्यातून एकदा शंभर लिटर, तेही पाणी असेल तर. काळ्या जमिनीत यातल्या फेऱ्या अर्ध्या करा.

या आकड्यांपेक्षा त्यांचा कल ध्यानात घ्या: दर वर्षी दोन पाण्यांमधलं अंतर वाढतं आणि एका पाण्याचं माप वाढतं. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या वितीतच राहतात आणि तुम्ही आठ दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं. ठिबक असेल तर पहिल्या वर्षी दोन ड्रीपर बुंध्यापासून फूटभर अंतरावर, दुसऱ्या वर्षी चार ड्रीपर अडीच फुटांवर, तिसऱ्या वर्षी नळीचं कडं करून चार फुटांवर. ड्रीपर बुंध्याशीच ठेवून विसरून जाणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे. आळ्यात उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटं पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. आणि नळीने पाणी घालताना कोंबात धार सोडू नका.

२०१८ ला पावसाने ओढ दिली. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला तळ दिसत होता आणि जनावरांचं पाणी टँकरने यायचं. जानेवारीपासून जून संपेपर्यंत फाटकाजवळच्या झाडाला मी एक थेंबही घातला नाही, घालूच शकत नव्हते. खालची तीन पानं नेहमीपेक्षा लवकर वाळली. त्या वर्षी निघालेलं नवं पान बोटभर लहान होतं. एवढंच. शेजारी लावलेले दोन अरेका पाम त्याच उन्हाळ्यात गेले.

खत आणि रोगराई

खताबाबत एक चूक सगळीकडे दिसते: युरिया. नत्राने पानं भराभर येतात आणि मग खालची पानं पिवळी-नारिंगी ठिपक्यांनी भरून टोकाकडून करपतात. ते पालाश कमी पडल्याचं लक्षण आहे. नव्या पानासाठी लागणारा पालाश झाड जुन्या पानातून ओढून घेतं. अशी पिवळी पानं वाईट दिसतात म्हणून कापली, की झाड त्याच्या वरच्या पानातून ओढायला लागतं. त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत पान कापायचं नाही. फ्लोरिडा विद्यापीठाने पामसाठी सुचवलेल्या खतात नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ असं प्रमाण आहे, म्हणजे नत्राच्या दीडपट पालाश. आपल्या दुकानात तयार मिळेलच असं नाही. खोड दिसायला लागलेल्या झाडाला मी जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेर दोन घमेली जुनं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, पाव किलो सल्फेट ऑफ पोटॅश आणि शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देते, बुंध्यापासून तीन-चार फुटांवर, रिंगण करून. लहान रोपाला याच्या चौथाई.

आमच्या चुनखडीच्या जमिनीत कधी नवं पान चुरगळल्यासारखं, आखूड आणि करपलेलं बाहेर येतं. तिथे मॅंगनीज कमी पडलेलं असतं. जमीन ते धरून ठेवते, मुळांना देत नाही. मॅंगनीज सल्फेट लिटरला तीन ग्रॅम, सकाळच्या वेळी, कोंबाच्या आसपास हलका फवारा, महिन्याच्या अंतराने दोनदा. त्यात साबण किंवा स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य, घालू नका, चांदी जाते.

किडींमध्ये नारळवाल्यांचे दोन ओळखीचे शत्रू, गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा. गेंड्या भुंगा उकिरड्यात, ओल्या शेणखतात वाढतो. म्हणून उकिरडा पामपासून लांब आणि खत नेहमी पूर्ण कुजलेलं. नवं पान उघडल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखी ओळीने भोकं दिसली की तो येऊन गेला म्हणायचं. कोंबाच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून मूठभर टाका. सोंड्या भुंग्याला ताज्या जखमेचा वास बोलावतो. हिरवा देठ कापणं, खोडाला खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावणं, दोन्ही टाळा. वाळलेलं पान काढतानाही देठ बुंध्याशी ओढून फाडू नका, वीतभर ठेवून करवतीने कापा. देठाच्या कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला.

बियांपासून रोपं

हे काम धीराचं आहे, पण मला सगळ्यात आवडतं. ओळखीच्या एका जुन्या बागेत नर-मादी दोन्ही झाडं आहेत, तिथून गळालेली फळं मी आणते. फळ गडद तपकिरी, मोठ्या सुपारीपेक्षा थोडं थोराड, आत एकच बी. गर खरवडून काढायचा, बी तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. मग ओलसर कोकोपीट भरलेल्या पिशवीत घालून, तोंड बांधून, पत्र्याच्या शेडमध्ये उबेला ठेवते. दर आठवड्याला उघडून बघायचं. माझ्याकडे पहिलं बी सात आठवड्यांनी रुजलं आणि त्याच पिशवीतलं शेवटचं अकरा महिन्यांनी. रुजलं नाही म्हणून फेकू नका.

पांढरा अंकुर दोन बोटं झाला की बी लगेच खोल भांड्यात गेलं पाहिजे, कारण तो खाली जाणार आहे. साधी पिशवी त्याला पुरत नाही, बुडाशी वेटोळं घालून बसतो. मी चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड फुटाचे तुकडे कापते, उभे चिरते, दोन ठिकाणी तारेने बांधते आणि तळाला नारळाच्या काथ्याची बुचं देते. बी वरून अर्धं दिसेल असं ठेवायचं. कोंब वर यायला आणखी दोन महिने लागतात. पहिलं पान एखाद्या रुंद गवताच्या पात्यासारखं, जांभळटसर. पंखा फुटायला दीड वर्ष जातं आणि चांदी त्यानंतर चढते. लावायच्या दिवशी तारा सोडायच्या, पाइपचे दोन भाग बाजूला करायचे आणि मातीचा उभा गठ्ठा जसाच्या तसा खड्ड्यात उतरवायचा. एकही मूळ हलत नाही.

सध्या शेडमध्ये असे एकेचाळीस पाइप आहेत. पुढच्या जूनमध्ये लावायच्या वयाची त्यातली सव्वीस होतील. रोप मागायला येणाऱ्यांना मी आधी जागेचं माप आणायला सांगते: भिंतीपासून किती, तारेपासून किती, आणि खड्ड्यात रात्रभर पाणी राहिलं का.